भर दुपारी बसमधून उतरलेला माणूस

हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा रात्री जेवण झाल्यावर, भाच्याबरोबर, आणि तिथेच चुकलं. दुसऱ्यांदा एकट्यानं, दुपारी अडीचला, हुमण-शीत जेवून, वसरीतला पंखा लावून आणि पुढचं दार उघडं ठेवून पाहिला, तेव्हा तो मला खरा भेटला. म्हणून बाकी काही लिहिण्याआधी एवढं सांगून टाकतो की ‘नानपकल नेरत्तु मयक्कम’ पाहायचा असेल तर दुपारी पाहा.

नावाचा अर्थही तोच आहे: भर दुपारच्या वेळची गुंगी. गोव्यात राहणाऱ्याला ही गुंगी वेगळी समजावून द्यावी लागत नाही. दीडच्या सुमारास आमच्या फोंड्याच्या बाजारातली शटरं एकेक करून खाली येतात आणि चारपर्यंत सगळं गाव आडवं होतं. कुणी सोप्यावर, कुणी आरामखुर्चीत, कुणी दुकानातच फळीवर. आवाज असतो तो कुणाच्या तरी घरात चालू राहिलेल्या टीव्हीचा. अशा वेळी कुणी दारात येऊन हाक मारली तर डोळे उघडले तरी समोरचा माणूस कोण हे लगेच कळत नाही. आपण कोण, हेसुद्धा एक श्वास उशिरा कळतं. लिजो जोझ पेल्लिसेरी या मल्याळी दिग्दर्शकानं तो एक श्वास पकडला आहे आणि पावणेदोन तास सोडलेला नाही.

पेल्लिसेरीचं नाव गोव्याला नवीन नाही. इफ्फी या आपल्याकडे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०१८ साली ‘ई. मा. यौ.’साठी आणि लगेच पुढच्या वर्षी, २०१९ला, ‘जल्लिकट्टू’साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर त्यालाच मिळाला. ‘जल्लिकट्टू’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल, दाव्यातून सुटलेला एक रेडा आणि त्याच्यामागे धावणारं अख्खं गाव. चिखल, मशाली, आरडाओरडा, आणि त्या सगळ्यांबरोबर धावणारा कॅमेरा. त्याच माणसानं हा चित्रपट केला यावर सुरुवातीला विश्वास बसत नाही. इथे कॅमेरा एका जागी ठेवला की हलायचं नावच घेत नाही. तेनी ईश्वर या छायाचित्रकारानं दारांच्या चौकटी, गल्ल्यांची तोंडं, घरांच्या भिंती अशा धरल्या आहेत की प्रत्येक दृश्य म्हणजे पडदा वर गेलेला रंगमंच वाटावा. माणसं त्यात येतात आणि निघून जातात. रंगमंच तिथेच राहतो.

गोष्ट सांगायला चार वाक्यं पुरतात. केरळातली एक नाटक मंडळी, बायकामुलांसह, तमिळनाडूतल्या वेलांकण्णीच्या चर्चची यात्रा करून बसनं परत निघाली आहे. त्यांचा म्होरक्या जेम्स, हिशेबी आणि जरा कुरकुऱ्या गृहस्थ. दुपारचं जेवण होतं, बसमध्ये सगळ्यांचा डोळा लागतो. मग जेम्स जागा होतो, चालकाला गाडी थांबवायला सांगतो, खाली उतरतो, मक्याच्या शेतातून चालत एका तमिळ खेड्यात शिरतो, दोरीवर वाळत घातलेली लुंगी काढून नेसतो आणि एका घरात आपल्याच घरात शिरावं तसा शिरतो. गाईला चारा घालतो, घरातल्या अंध म्हातारीशी बोलतो. तमिळमध्ये. ते घर सुंदरम नावाच्या माणसाचं आहे आणि सुंदरम दोन वर्षांपूर्वी नाहीसा झालेला आहे. इकडे बसमध्ये जेम्सची बायको आणि मुलगा वाट बघत बसलेली, तिकडे त्या घरात सुंदरमची बायको खांबाला धरून उभी.

वेलांकण्णीचं नाव आम्हा गोव्याच्या लोकांना जवळचं. वास्कोहून थेट तिथवर गाडी जाते. वाड्यावरच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून सायबिणीच्या, म्हणजे तिथल्या मेरीमातेच्या, नवसाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो. ८ सप्टेंबरच्या फेस्ताला गेलेली माणसं तीन-चार दिवसांनी परतायची ती थकलेली, उन्हानं काळवंडलेली, आणि बोलायची कमी. आमची आई म्हणायची, यात्रेहून आलेल्या माणसाला लगेच प्रश्न विचारू नयेत, त्याला आधी घरी पोचू द्यावं. जेम्स घरी पोचतो, फक्त घर दुसऱ्याचं असतं.

जेम्स झालेल्या मामूट्टीबद्दल लिहायचं तर शब्द जपून वापरावे लागतील, कारण त्यानं स्वतः काहीही उधळलेलं नाही. या भूमिकेसाठी २०२२च्या केरळ राज्य पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला आणि चित्रपटही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला. निर्मितीही त्याच्याच संस्थेची. एवढा मोठा नट, त्यातून अंगात दुसरा माणूस शिरण्याची भूमिका. आपल्याकडे असतं तर डोळे गरगर फिरले असते, आवाज घोगरा झाला असता, मागे संबळ वाजला असता. परकायाप्रवेश म्हटलं की आपल्याला राजा अमरूच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांची कथा आठवते, आणि गोव्यात तर भार येणं आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अंग घुमतं, माणूस हुंकारतो, भटजी पाणी शिंपडतात. डिचोली तालुक्यात साळच्या गड्यांच्या जत्रेला मी तरुणपणी एकदा गेलो होतो. होळीच्या त्या रात्री भार आलेले गडे अंधारात धावत सुटतात तेव्हा बघणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो.

मामूट्टी यातलं काहीच करत नाही. तो उतरतो आणि चालायला लागतो. फक्त चाल बदलते. जेम्सची चाल पाहुण्याची आहे, पाय कुठे टाकतोय ते बघून टाकणाऱ्याची. सुंदरमची चाल त्या वाटेवर हजार वेळा गेलेल्याची. कुठे खड्डा आहे, कुठे वळायचं, कुणाच्या दारात थबकून दोन शब्द बोलायचे, हे त्याच्या पायांना ठाऊक आहे. दुसऱ्यांदा पाहताना मी ती चालच बघत बसलो. माणूस म्हणजे त्याची आठवण असं आपण म्हणतो. इथे आठवण पायात, हातात आहे, आणि तोंडातल्या भाषेत.

भाषेचं थोडं जास्त लिहितो, कारण मला ते फार लागलं. जेम्स मल्याळी, सुंदरम तमिळ. सबटायटल वाचत राहिलात तर भाषा कुठे बदलली ते डोळ्यांना कळत नाही. कान उघडे ठेवावे लागतात. एकाच तोंडातून दुसरी भाषा आली की हनुवटीसुद्धा वेगळी दिसते. आम्ही गोव्यातले मराठी नाटकवाले हे आयुष्यभर करत आलो. घरात कोंकणी, बायकोशी भांडण कोंकणीत, बाजार कोंकणीत. पण रात्री जत्रेच्या मांडवात पडदा वर गेला की तोंडातून मराठी येते, आणि ती परकी वाटत नाही. माझ्या आजोबांच्या कागदपत्रांत पोर्तुगीज सह्या आहेत, त्यांच्या देवघरात मोडीतल्या चोपड्या होत्या आणि ते रडले तेव्हा कोंकणीत रडले. यातले खरे आजोबा कोणते, असं मला कधी विचारावंसं वाटलं नाही. चित्रपट पाहताना मात्र पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न घरात होताच, आपण त्याच्याशेजारी झोपत होतो.

चित्रपटाला वेगळं पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते गावातून येतं: रेडिओ, टीव्ही, जुन्या तमिळ सिनेमांची गाणी आणि संवाद. ती अंध म्हातारी दिवसभर टीव्हीपुढे बसलेली असते आणि त्या जुन्या सिनेमांतले संवाद घरातल्या प्रसंगांवर येऊन पडतात. बायको दारात गप्प उभी, आणि टीव्हीतली कुणी दुसरीच बाई तिच्या मनातलं बोलून जाते. मी दुपारी पाहत होतो तेव्हा आमच्या शेजारणीच्या घरात मराठी मालिका लागली होती. उघड्या दारातून तिचे आवाज आत येत होते आणि पडद्यावरच्या आवाजांत मिसळत होते. एकदा तर मालिकेतली सासू ओरडली आणि मला वाटलं, हे त्या खेड्यातलंच. दार उघडं ठेवून पाहिला असं मी म्हणालो ते यासाठी.

मी गेली पस्तीस वर्षं आमच्या गावच्या मंडळात प्रॉम्प्टिंग करतो. नट म्हणून उभा राहिलो नाही, आवाज नव्हता. पण विंगेत बसून, हातात वही आणि टॉर्च घेऊन, मी शंभरावर नाटकं अशी पाहिली आहेत जशी प्रेक्षक कधीच पाहत नाही. प्रॉम्प्टरला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वाक्य आधी असतं, माणूस नंतर येतो. समोरच्यानं क्यू दिला की त्या जागी उत्तराचं एक भोक पडतं. ते दोन क्षण रिकामं राहिलं तरी मांडवातली माणसं चुळबुळायला लागतात. कुणीतरी ते भरलंच पाहिजे. म्हणून जत्रेच्या नाटकांत बदली नट असतो. मुख्य नटाला ताप आला, बोटीवरून सुट्टी मिळाली नाही, घरात सुतक आलं, की बदली उभा राहतो. कपडे तेच, ड्रेपरीवाल्यानं दिलेला फेटा तोच, जागा त्याच. पहिली दहा मिनिटं लोक म्हणतात, हा कोण. नंतर विसरतात.

मला वाटतं, पेल्लिसेरीचा चित्रपट इथून समजतो. सुंदरम गेला, पण त्याची जागा गेली नाही. दोन वर्षं ते घर रोज क्यू देतंय. दोरीवर लुंगी वाळते, गाय हंबरते, त्याची मोपेड उभी आहे, म्हातारा बाप बसलेला आहे, बायको संध्याकाळी वाटेकडे बघते. प्रत्येक गोष्ट आपलं वाक्य म्हणून थांबलेली आणि पुढचं वाक्य कुणी म्हणत नाही. मग एका दुपारी रस्त्यावरून एक नाटकवाल्यांची बस जाते. तिच्यात झोपेतून अर्धवट जागा झालेला, अजून पुरता कोणीच नसलेला एक माणूस असतो. त्याच्या कानावर क्यू पडतो आणि तो एंट्री घेतो. बाकी काही गूढ मला त्यात दिसलं नाही, आणि याहून मोठं गूढ मला हवंही नाही.

माझा भाचा पर्वरीला एका कंपनीत संगणकाचं काम करतो. वास्तव आणि भास यांवरचे परदेशी सिनेमे त्यानं भरपूर पाहिलेले. रात्री चित्रपट संपल्याबरोबर त्यानं विचारलं, “मामा, पूण खरें कितें? तो सपनांत आशिल्लो काय कितें?” आणि मग अर्धा तास आम्ही दोघांनी पुरावे गोळा केले. कोण कुठे झोपला, कोण कधी उठला, बसमध्ये काय दिसलं होतं. कोडं म्हणून सोडवायला बसलात तर चित्रपट त्यालाही नाही म्हणत नाही, दोन-तीन उत्तरं हातात ठेवतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती उत्तरासाठी नव्हे. मला ती बायको दिसत होती. आलेला माणूस आपला नवरा नाही हे तिला दिसतंय. आणि तरी तो नवऱ्यासारखा बोलतोय. आता तिनं काय करावं? हाकलावं, की भात वाढावा?

सुरुवातीलाच वेलांकण्णीच्या लॉजवर जेम्सला तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातलं एक वचन ऐकायला मिळतं. झोप म्हणजे मरण आणि झोपेतून उठणं म्हणजे जन्म, असा त्याचा अर्थ. ग्रंथकर्त्या वळ्ळुवरांनी ते नश्वरतेच्या अध्यायात ठेवलं आहे. पहिल्यांदा पाहताना ते वाक्य मला किल्लीसारखं वाटलं, दिग्दर्शकानं प्रेक्षकाच्या हातात आधीच दिलेली. दुसऱ्यांदा वाटलं, किल्ली वगैरे काही नाही, ही साधी दुपारची गोष्ट आहे. आपल्याकडेही जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्या आहेत आणि आपण त्या कीर्तनात ऐकून सोडून देतो. रोज दुपारी आपण मरतो आणि चार वाजता उठून चहा मागतो, हे कुणी इतकं जवळून दाखवलं नव्हतं.

गावकऱ्यांचं वागणं मला विशेष आवडलं. दुसऱ्या एखाद्या सिनेमात त्या परक्याला खांबाला बांधून मारलं असतं. इथे माणसं गोंधळतात, चिडतात, पण बसून विचारही करतात. म्हातारे एकमेकांशी बोलतात. अडकून पडलेल्या मंडळींची रात्रीची सोय होते. कुणाला काय करावं हे कळत नसतानाही खेड्यातला माणुसकीचा रिवाज सुटत नाही. सुंदरमच्या वडिलांची भूमिका पू रामू या तमिळ नटानं केली आहे. जून २०२२मध्ये ते गेले, चित्रपट थिएटरात आला १९ जानेवारी २०२३ला. ते फारसं बोलत नाहीत. नुसते बसलेले असतात, आणि त्यांच्या बसण्यातून घराचं वजन कळतं.

आता जे खटकलं ते. सुंदरमच्या बायकोला, पूंगुळलीला, बोलायला फार थोडं दिलं आहे. रम्या पांडियननं डोळ्यांनी पुष्कळ केलं आहे, पण जिच्या आयुष्यात हे सगळं उलटंपालटं होतंय तिची बाजू टीव्हीतल्या जुन्या सिनेमांनीच किती मांडायची? जेम्सच्या बायकोचंही तेच. तिच्या वाट्याला काळजी आणि रडणं आलं आहे. दोन बायका एका छपराखाली आल्यावर त्यांचं एकमेकींशी काय झालं असतं ते मला पाहायचं होतं. तो प्रवेश लिहायला पटकथाकार एस. हरीश समर्थ होता, असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे सुरुवातीची बस. मंडळीतली माणसं नीट वेगळी ओळखू यायच्या आतच आपण गावात पोचतो. पुढे ती काळजीनं फिरतात तेव्हा कोण कुणाचा हे मला पहिल्या वेळी लागलं नाही.

आणि हा चित्रपट मोबाइलवर पाहू नका, मधे थांबवून तर अजिबात नको. स्थिर चौकटीत डावीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी झोपलेलं असतं, मागच्या दारातून कुणी जात असतं. छोट्या पडद्यावर ते सगळं मरतं. पळनीजवळच्या त्या खेड्याचं ऊन डोळ्यांवर यावं एवढा तरी पडदा हवा. कला अकादमीच्या सभागृहात कधी कुणी लावला तर मी फोंड्याहून पहिल्या बसनं येईन.

मला हा चित्रपट एवढा का लागला, त्याचं कारण सांगून थांबतो. आमच्या गावच्या जत्रेला आमचा एक मुख्य नट वर्षानुवर्षं एकाच नाटकातली तीच राजाची भूमिका करायचा. रात्री पालखी देवळात गेल्यावर नाटक उभं राहायचं आणि संपता संपता उजाडायचं. त्याची बायको थर्मासमध्ये चहा घेऊन रंगपटात यायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, “पुरो आतां. फुडल्या वर्सा नाका.” तो चेहऱ्याचा रंग पुसता पुसता म्हणायचा, “पळोवया.” म्हणजे बघूया. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तो गेला. मंडळानं भूमिका दिली एका बावीस वर्षांच्या पोराला. चार वर्षांचा असल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून त्यानं ते नाटक पाहिलेलं.

पहिल्या रात्री मी वही उघडून बसलो होतो. दुसऱ्या अंकात पोरगा एका वाक्यानंतर थांबला. मी वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, तो विसरला नव्हता. तो जुना नट जिथे थांबायचा तिथेच हा थांबला होता. तो थांबा वहीत लिहिलेला नव्हता. मी टॉर्च बंद केला. समोर मांडवात कुणी हललं नाही.

उजाडताना नाटक संपलं. ती रंगपटात आली, हातात तोच थर्मास. क्षणभर दारात उभी राहिली. मग झाकणात चहा ओतून तिनं त्या पोरापुढे धरला आणि म्हणाली, “पुरो आतां. फुडल्या वर्सा नाका.”

पोरानं मिशी काढता काढता मान वर केली नाही.

“पळोवया,” तो म्हणाला.

माझी वही तेव्हा मिटलेली होती.